डोंगर दिसू लागतो

दिवाळी सरली की भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची गर्दी ओसरते. रंधा धबधब्याचा आवाज उतरतो. ज्यांच्या लेखी डोंगर म्हणजे पाऊस, ते पुढच्या जूनपर्यंत इकडे फिरकत नाहीत. मला नेमकी तेव्हाच ओढ लागते. शरद संपून हेमंत सुरू होण्याचे हे दिवस, कार्तिकाच्या मध्यापासून मार्गशीर्ष सरेपर्यंतचे, सह्याद्रीतच काढावेत असं मला मनापासून वाटतं. कारण वर्षभरात डोंगर पुरता दिसतो तो याच दिवसांत.

पावसाळ्यात आपण डोंगरात असतो, पण ढगांमुळे समोरचा कडासुद्धा दिसत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस महाराष्ट्रातून परततो आणि कोरडा, ईशान्येकडचा वारा सुटतो. हवेतली धूळ पावसानं धुऊन नेलेली असते, नवी अजून फारशी उडालेली नसते. अशा वेळी बारी गावातून कळसूबाई चढावी. १६४६ मीटर, राज्यातला सर्वांत उंच माथा. देवीच्या देवळाशी उभं राहिलं की पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग; दक्षिणेला रतनगड आणि त्याच्याही पलीकडे हरिश्चंद्रगड. हवेनं साथ दिली तर उत्तरेला थेट धोडप, सप्तशृंगीची रांग. नकाशात वाचलेली नावं एकेक करून जागेवर बसत जातात आणि आपण नेमके कुठे उभे आहोत, हे पहिल्यांदा नीट कळतं.

त्याहून मोठी गंमत गवतात आहे. पावसात सगळ्या उतारांना एकच हिरवा रंग असतो. कार्तिकात गवत पिवळं पडू लागतं, मग तांबूस-सोनेरी होतं, आणि काळ्या कड्यांचे पट्टे त्यातून वेगळे उठून दिसायला लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. जो थर घट्ट, तो कडा होऊन उभा राहिला. जो मऊ, सच्छिद्र, तो झिजून उतार झाला आणि त्यावर माती साचली, गवत उगवलं. काळा पट्टा, सोनेरी पट्टा, पुन्हा काळा. कुलंगच्या अंगावर हे थर बोटानं मोजत खाली यावं. एवढा काळ डोळ्यांना दिसावा, असं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

उजेडही या कामी मदत करतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य इतका दक्षिणेला सरकलेला असतो की या भागात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. प्रकाश दिवसभर तिरपा. प्रत्येक घळ, प्रत्येक कंगोरा सावली धरून असतो. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीवकामही याच दिवसांत पाहावं. पावसाच्या मळभात सपाट वाटलेल्या आकृत्या सकाळच्या उन्हात दगडातून पुढे येतात. तिथून रतनगडाची वाट प्रवरेच्या काठानं झाडीत शिरते. नदीला पाणी असतं, पण ते नितळ आणि घोट्याएवढं. पात्र ओलांडताना तळाचा गोटा न् गोटा दिसतो.

हे दिवस गावांच्याही धांदलीचे. भाताची सोंगणी संपत आलेली, खळ्यावर झोडणी चालू, पेंढ्याचा वास गावभर. उतारांवरची नागली, वरई घरात येत असते. खुरासणीची पिवळी शेतं नुकतीच कापून झालेली असतात. कापलेल्या खाचरांत धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतो, बांधावर थिरथिरा येऊन बसतो. हे दोघेही उत्तरेकडून थंडीसाठी आलेले पाहुणे. पठारावर गवताला लागून एखादा भोवत्या तरंगत जातो. अशा वेळी गावात कुणाच्या घरी जेवणाची सोय झाली तर नागलीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे मागून घ्यावेत. दिवसभर चालून आल्यावर त्या गरम, तिखट वाफेची बरोबरी कशालाच नाही.

मुक्काम मात्र जागा बघून करावा. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन झपाट्यानं निवते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत खाली येऊन दरीत साचते. म्हणून भंडारदरा धरणाच्या काठाशी तंबू ठोकणारे पहाटे कुडकुडतात आणि वरच्या सोंडेवर, वारा अडवणाऱ्या आडोशाला झोपलेल्यांना थंडी सोसवते. शिवाय सकाळी वरच्यांच्या पायाशी धुकं असतं, खालचे त्या धुक्यात असतात. रात्र शक्यतो वद्य पक्षातली निवडावी. कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, मागून रोहिणी, मग मृग. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. चंद्र आड आला नाही तर अंथरुणात पडल्या पडल्या कितीतरी मोजता येतात. मुलांना एकदा तरी या रात्रीसाठी डोंगरावर न्यावं. शाळेच्या पुस्तकातलं आकाश त्यांना तिथे सापडतं.

एका गोष्टीनं मात्र माझा जीव तुटतो. ज्या गवतामुळे हा ऋतू इतका देखणा, तेच गवत मार्गशीर्षापासून ठिणगीची वाट बघत असतं. माथ्यावर पेटवलेली हौसेची शेकोटी, विझली समजून सोडलेले निखारे, फेकलेलं सिगारेटचं थोटूक, एवढं पुरतं. वारा धरला की आग सोंडच्या सोंड चढून जाते. त्यात कारवी जळते, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आडोसा जळतो, गुरांचा उन्हाळ्याचा चारा जळतो. पुढच्या पावसात उघडी पडलेली माती वाहून जाते. ज्याला थंडी वाजते त्यानं आणखी एक स्वेटर न्यावा. विस्तव हवाच असेल तर गावात थांबावं. संध्याकाळी तिथे शेकोटी असतेच, आणि पाहुण्याला जागा करून देतात.

फेब्रुवारी आला की हवा पुन्हा धुरकट होते, वणव्यांनी उतार काळे पडतात. तेव्हा जायचं तर आताच. या शनिवारी मी रतनवाडीला निघतो आहे. प्रवरेला पाणी आहे, रतनगडाच्या शिड्या कोरड्या असतील. वर नेढ्यात, कड्याच्या त्या आरपार भोकात, वारा फार असतो, कानटोपी विसरू नका.