‘पहिले मासे मरतातच’ हा निसर्गनियम नव्हे

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु मराठी वाचकाला ठाऊक असलेच तर ते दुसऱ्या सरफोजी राजांनी उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रामुळे. या गावाभोवती कावेरीच्या पाण्यावर भात पिकतो आणि भाताला युरिया पडतो. युरियापासून अमोनिया होतो, जमिनीतील जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि पाणी साचलेल्या खाचरात त्यातील बराच नायट्रोजन पिकाच्या हाती न लागता वायुरूपाने उडून जातो. या जीवाणूंना आवर बसावा म्हणून २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्याची वार्ता सर्वत्र गाजली. ज्या जीवाणूंना आवरण्यासाठी हा खटाटोप, तेच जीवाणू दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत नसले म्हणजे मासे मरतात, हे मात्र त्या वार्तेच्या वाचकालाही कोणी सांगितले नाही.

नवी टाकी येते, पाणी भरले जाते, त्याच संध्याकाळी मासे सोडले जातात. आठवड्याभरात ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. विक्रेता म्हणतो, पहिले काही मासे मरतातच, आधी स्वस्तातले सोडा. हा सल्ला अनुभवाच्या थाटात दिला जातो, पण त्याचा अर्थ एवढाच की जीवाणूंना लागणारा अमोनिया माशाच्या कल्ल्यांतून मिळवावा आणि त्याची किंमत माशाने द्यावी. अमोनिया कल्ले जाळतो. त्यापासून होणारे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते आणि रक्त तपकिरी पडते. ‘आमचे तर जगले’ म्हणणाऱ्यांनी जगलेल्यांचे कल्ले पाहिलेले नसतात.

यात अज्ञाताचे काहीच नाही. नायट्रीकरण हे सजीवांचे काम आहे, हे श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्येच दाखवले. विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास ते जीवाणू वेगळे केले. २००५ मध्ये तर अमोनियावर जगणारा एक आर्किया सिॲटलच्या मत्स्यालयातील टाकीतूनच हाती लागला.

मग अमोनिया माशाकडूनच का घ्यावा? बाटलीतून घ्यावा. सुगंध वा साबण नसलेले अमोनियाचे द्रावण, नाहीतर शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. (कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलेले असेल याचा भरवसा नाही.) पन्नास लिटर पाण्यात सुमारे एक तृतीयांश ग्रॅम टाकला की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. पाणी क्लोरीनमुक्त हवे, गाळणयंत्र अहोरात्र चालू हवे. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाणूंना बहुधा एखादा दिवस तरी लागतो, म्हणून विरजणाची घाई येथे चालत नाही. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते, मग तेही उतरते. पाणी मृदू असेल तर सामू घसरून सारे काम थबकते, कारण ही क्रिया क्षारता खाते. दोन मिलिग्रॅमची मात्रा चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की बहुतेक पाणी बदलावे आणि मासे आणावेत. बहुधा चार ते सहा आठवडे जातात. चालत्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर त्याहून पुष्कळ कमी.

अमोनिया विषारी आहे, तो घरात कशाला, असा आक्षेप येतो. विषारी आहे म्हणूनच तो माशाआधी टाकीत जावा आणि माशाआधी संपावा. खिडकी उघडी ठेवावी, तो ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, बाटली मुलांपासून दूर ठेवावी. खर्चाचा आक्षेप त्याहून दुबळा आहे: मेलेल्या माशांच्या दुसऱ्या खेपेत चाचणीसंचाचे पैसे निघतात. खरा अडसर वेगळाच आहे. रिकामी टाकी महिनाभर पाहत बसण्याची तयारी ग्राहकाची नसते आणि तशी सूचना देऊन त्या दिवशीची विक्री गमावण्याची विक्रेत्याची नसते.