दुर्बीण ‘कितीची’ घेताय?

भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचं ठरलं की ग्रुपवर हमखास प्रश्न येतो, ‘दुर्बीण कितीची घ्यायची?’ आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘दहा पटीचीच घे, आठवाली काय कामाची!’ फसगत होते ती इथेच.

खिशात मावणाऱ्या दुर्बिणीवर ८×२५ किंवा १०×२५ असं लिहिलेलं असतं. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पहिल्याने भागा. ८×२५ मधून डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत साधारण ३.१ मिमी रुंद, १०×२५ मधून जेमतेम २.५. झोत बारीक, म्हणजे डोळा अगदी नेमक्या जागी धरावा लागतो. जरा सरकलात की चित्र काळं. शिवाय हाताची थरथरही दहा पट दिसते. अर्ध्या तासात डोकं धरतं आणि वाटतं, पक्षीनिरीक्षण हे आपलं कामच नाही. दोष तुमचा नसतो हो!

८×३२ ला खिसा पुरत नाही, वजनही जरा जास्त. पण झोत ४ मिमी. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक जाणवतोच. एकट्याला परवडत नसेल तर दोघांत एक घ्या.

चष्मेवाल्यांनो, तुम्ही आधी ‘आय रिलीफ’ विचारा. १५ मिमी तरी हवा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. दरवेळी चष्मा काढेपर्यंत पक्षी थांबतोय होय?

आणि दुकानात लाजू नका. पाच मिनिटं दुर्बीण डोळ्यांना लावून रस्त्यापलीकडची पाटी वाचा. दोन-दोन पाट्या दिसल्या किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले, तर सरळ परत ठेवा.