नागरिकशास्त्राचा तास मुलांना परत द्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळांचं दुसरं सत्र सुरू होत आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत आता काय घडणार, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. म्हणूनच हे आवाहन आत्ताच, घाईने लिहीत आहे. इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आहेत. इतिहास पुढे, नागरिकशास्त्र मागे. इतिहास संपेपर्यंत जानेवारी सरतो. मग स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, गणिताचे जादा तास. मागचे पाठ मार्चमध्ये फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून उरकले जातात. मुलं उत्तरं उतरवून घेतात, पाठ करतात, पेपरात लिहितात, आणि ‘ना. शा.’ झालं असं आपण समजतो.

पालकांनो, सरपंच आणि नगरसेवकांनो, मुख्याध्यापकांनो, आणि माझ्या शिक्षक भावाबहिणींनो, यंदा हे होऊ देऊ नका.

शिक्षणहक्क कायदा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो ती वयाच्या 6 ते 14 वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. त्यानंतर कितीतरी मुलं ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, गॅरेजात लागतात. मुलींची लग्नं ठरतात. अकरावी-बारावीचं राज्यशास्त्र त्यांच्या वाट्याला कधीच येत नाही. राज्यकारभार कसा चालतो हे शाळेने त्यांना सांगायचं, तर ही तीनच वर्षं हाताशी आहेत. आणि पुढे सरकारी कचेरीच्या पायऱ्या सगळ्यात जास्त झिजवतात तीही हीच माणसं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज, सातबाऱ्यावरची वारसनोंद. तलाठ्याकडे कशासाठी जायचं आणि ग्रामसेवकाकडे कशासाठी, एवढं जरी मुलाला पक्कं ठाऊक असलं, तरी घरातला एक दिवसाचा रोज वाचतो आणि दलालाचे पैसेही.

शहरातल्या मुलांची स्थिती बरी आहे असं कुणी समजू नये. मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. जे मूल जून 2022मध्ये सहावीत बसलं, त्याने ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ हा पाठ वाचला, सातवीत संविधान वाचलं, आठवीत संसद वाचली आणि ते नववीत गेलं, तरी त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. ‘लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी शहराचा कारभार पाहतात’ हे वाक्य त्याने परीक्षेत लिहिलं आणि त्याला गुण मिळाले. निवडणूक का झाली नाही, हे त्या वर्गात कुणी समजावून सांगितलं का? जिथे सांगितलं गेलं, त्या शिक्षकांना माझा नमस्कार. पण अशा वर्गांची संख्या फार थोडी असावी, अशी माझी भीती आहे.

दोष पुस्तकांचा नाही. बालभारतीच्या गेल्या काही वर्षांच्या पुस्तकांतली मांडणी मला मनापासून आवडते. सहावीत गाव आणि शहराचा कारभार, सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था: मूल आपल्या दारापासून दिल्लीपर्यंत चालत जातं. उणीव आहे ती वेळेची आणि आपल्या लक्षाची.

वेळ कुठून आणायचा? इतिहासातूनच. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण घ्या. 1923मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत. 1924मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदोपत्री सगळं झालं होतं. तरीही पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. मार्च 1927मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि त्यांच्यावर हल्ले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1937मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पुढे संविधानाच्या 17व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली.

या एका प्रकरणात कायदेमंडळ आहे, स्थानिक संस्था आहे, रस्त्यावर उतरलेले नागरिक आहेत, न्यायालय आहे आणि शेवटी संविधान आहे. बारा वर्षांच्या मुलांसमोर हे मांडा आणि एवढंच विचारा: ठराव झाला होता, तर मग सत्याग्रह का करावा लागला? वर्ग बोलू लागतो. कुणी आपल्या गावातली विहीर सांगतं, कुणी स्मशानभूमीचा रस्ता सांगतं. परिपाठात रोज म्हटली जाणारी उद्देशिका त्या क्षणी मुलांना आपली वाटते. ‘बंधुता’ म्हणजे काय, हे मग व्याख्या देऊन सांगावं लागत नाही.

घरात पडलेल्या कागदांनीही हेच काम होतं. मुलांना घरपट्टीची पावती आणायला सांगा. त्यावर दिवाबत्ती कर असतो, आरोग्य कर असतो, पाणीपट्टी असते. आपल्या गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे आणि दिवाबत्तीचे पैसे मात्र आजोबांनी भरले आहेत, हे सहावीच्या मुलीला दिसलं की तिला अर्ज लिहायला वेगळं शिकवावं लागत नाही. शिक्षकांनी स्वतःचं वेतनपत्रक दाखवावं. त्यात दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापलेला असतो. 1975मध्ये हा कर महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेसाठी बसवला. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली ही योजना 1972च्या दुष्काळात लाखो हातांना काम देऊन गेली. देशाने तसा कायदा केला तो 2005मध्ये. शहरातला पगारदार गावच्या मजुरीचा भार उचलतो, हे राज्याने कायद्याने ठरवलं. आपल्या राज्याने केलेल्या या कामाचा मुलांना अभिमान वाटायला हवा, आणि तो माहितीतून यायला हवा.

शिक्षकांना एक गोष्ट आपुलकीने सांगायची आहे. निवडणूक आपल्याइतक्या जवळून कुणी पाहिलेली नाही. आपण मतदान केंद्राध्यक्ष झालो आहोत. पहाटे उठून प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतलं आहे, यंत्रं सीलबंद केली आहेत, बोटांना शाई लावली आहे, पडलेल्या मतांचा हिशेब सही करून दिला आहे. मतदान होतं तेही बहुधा आपल्याच शाळेच्या वर्गात. हा सगळा अनुभव आपण मुलांपासून दूर का ठेवतो? राजकारणाचा आरोप होईल ही धास्ती मला समजते. कुठल्या पक्षाला मत द्यावं हे वर्गात सांगू नये, कधीच सांगू नये. पण मत गुप्त का असतं, मतदारयादीत नाव कसं येतं, नाव वगळलं गेलं तर दाद कुठे मागायची, हे सांगणं आपलं कामच आहे. आणि शालेय मंत्रिमंडळ गुणपत्रिका बघून नेमू नका. अर्ज भरू द्या, प्रचार करू द्या, गुप्त मतदान घ्या, आणि निवडून आलेल्या मुलांच्या हाती काहीतरी खरं द्या: खेळाच्या साहित्याची यादी, वाचनालयाच्या पुस्तकांची निवड. नुसती छातीवर बिल्ले लावलेली मुलं मंत्रिपद म्हणजे मिरवणं, एवढंच शिकतात.

सरपंचांकडे माझं खास मागणं आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला सातवी-आठवीच्या मुलांना बोलवा. त्यांना मत नाही, पण ऐकायला कुणाची हरकत असणार? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, हे त्यांना माणसं मोजून कळू द्या. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर तेही पाहू द्या. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक त्यांच्या वर्गात आधी पाठवा. बेरजा-टक्केवारी त्यांना येते. शहरांत नगरसेवकांनी आणि प्रभाग कार्यालयांनी असाच एक दिवस शाळांसाठी राखावा. निवृत्त ग्रामसेवक, तलाठी, वकील, तहसील कचेरीतले अव्वल कारकून यांनी आपल्या जवळच्या शाळेला एक तास द्यावा. त्यांच्याजवळ असलेलं ज्ञान कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

आणि पालकांनो, तुमच्यावाचून यातलं काहीच होणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या, असं कायदाच सांगतो. म्हणजे ती समिती तुमची आहे. पुढच्या बैठकीत वेळापत्रक मागून घ्या. नागरिकशास्त्राचा तास आठवड्यातून कितीदा आहे ते पाहा, आणि तो खरंच होतो का हे मुलांच्या वह्या उघडून बघा. होत नसेल तर तसं इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि शिक्षकांना हवी ती मदत देऊ करा. 26 नोव्हेंबरला संविधान दिनाची प्रभातफेरी निघेल, घोषणा होतील, त्या दिवशी शाळेत जरूर या. फेरी संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत दहा मिनिटं बसा आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेला मुलांना कोण घेऊन जाणार, हे तिथेच ठरवून त्यांचं नाव लिहून घ्या.