उसाचा तांबडा फोटो आणि आपण



उपग्रहावरून घेतलेले शिवाराचे तांबडे फोटो आता मोबाईलवरही दिसतात. तांबडं दिसलं की पीक वाळलं, असा पुष्कळांचा समज होतो. आहे नेमकं उलट. रसरशीत हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जवळजवळ निम्मा परत फेकतं. तो दिसावा म्हणून फोटोत त्याला तांबडा रंग देतात. पीक जोमदार, तर रंग गडद. काहीजण याला उष्णतेचा फोटो म्हणतात, तेही खरं नाही. हे परतलेलं ऊनच आहे.

ही विद्या जुनी आहे. अमेरिकेचे शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले. त्यात झाडं बर्फ पडल्यागत पांढरी आणि आकाश काळं. आपल्या देशात पहिला मान मिळाला तो माडाला. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशरोटी यांच्या पथकाने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांच्या बागा टिपल्या, आणि ‘रूट विल्ट’ रोगाचे माड त्यात वेगळे ओळखू आले. पण रोग सापडला म्हणून बरा झाला नाही. त्यावर हमखास औषध आजही नाही. खतपाणी सांभाळा, फारच रोगट माड काढा, चांगली रोपं लावा, ही कामं खाली बागेतच करावी लागतात.

आमचं म्हणणं इथूनच सुरू होतं. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह असे फोटो फुकट देतात. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जागा, म्हणजे आपला एक गुंठाच की! साधारण पाच दिवसांनी नवा फोटो. मात्र पावसाळ्यात ढग आडवे येतात, आणि ऊस वाढतो तो तेव्हाच.

शिवाय फोटो ऊस फिका पडला एवढंच सांगतो. हुमणी लागली, पाणी चुकलं, जमीन चोपण झाली की पाण्याची पाळी आलीच नाही, हे तो सांगत नाही. ते रानात उतरून मुळी उपटल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून अशा फोटोवरून कुणाच्या उसाचं टनेज धरू नये, की तोडणीच्या क्रमात कुणाला मागं-पुढं करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फिकं दिसलेलं रान शेतकी खात्याच्या माणसाने आधी पाहावं, सभासदाला बांधावर बोलवावं, मग काय ते लिहावं.

आणि असा नकाशा वापरायचाच असेल, तर तो कपाटात ठेवू नये. गट ऑफिसच्या भिंतीवर लावावा, खाली फोटोची तारीख ठळक लिहावी. आपला गट नंबर शोधून सभासद स्वतः बघतील, आणि चुकलं असेल तर तिथेच बोलतील.