घाईने नाव खोडू नका

2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने गावोगावी वंशावळी काढल्या जाऊ लागल्या आणि घराघरात भांडणं लागली. आजी म्हणते पणजोबा ‘राघू’, शाळेच्या दाखल्यावर ‘राघो’, फेरफारात ‘रघुनाथ’. मग घरातला एखादा हुशार दोन नावं खोडून एक ठेवतो. तेवढं करू नका.

कागद कोणी, कशासाठी लिहिला ते आधी बघा. गाव नमुना 14 मध्ये जन्ममृत्यू लिहिताना सांगणाऱ्याच्या तोंडी आलेलं नाव उतरायचं. मास्तर त्याचं सोवळं रूप करायचे. मोडी लिपीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घही बहुधा पाळलेलं नसतं. दोन वाचक एकाच ओळीतून दोन नावं काढतात.

पण माझ्या मते एका माणसाची तीन नावं हा किरकोळ गुंता. खरा घोटाळा उलट बाजूने होतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. तुकाराम विठोबा, त्याचा मुलगा विठोबा तुकाराम, त्याचा मुलगा पुन्हा तुकाराम विठोबा! बापाच्या नावासकट जुळलं म्हणून हे दोघे एक धरले, की दोन पिढ्या गेल्याच. अशा वेळी जमीन धरा. वारसाच्या फेरफारात मयत कोण, मागे विधवा कोण, भाऊ किती, हे लिहिलेलं असतं. सर्व्हे नंबर जुळवा. पुढे गट पडले असतील तर जुना नंबर शोधा. सनही तपासा: फसली असेल तर 590, शक असेल तर 78 मिळवून इसवी सन काढा, वर्षभराचा फरक धरूनच.

दत्तक गेलेल्याच्या बापाची दोन्ही नावं खरी असतात. बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही लिहा. ‘ऊर्फ’ मात्र एखादा कागद दोन नावं जोडत असेल तरच. नाहीतर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. नुसत्या अंदाजावर प्रतिज्ञापत्र तर अजिबात करू नका.

आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जाण्याआधी म्हाताऱ्या आत्याकडे जा. नाव विचारू नका, पितृपक्षात कोणाचं पान कोणत्या तिथीला वाढायचं ते विचारा. अविधवा नवमी आणि सर्वपित्री सोडली, तर ती बहुधा मृत्यूचीच तिथी. मृत्यूच्या नोंदीतली तारीख जुन्या पंचांगात बघा, तिथी जुळते का. आत्या नाव विसरली असेल, पंचमी विसरलेली नसते.