उकंडाचा उत्तम कोणी केला?



मागच्या महिन्यात अनसिंगकडच्या एका खेड्यात वनहक्काच्या फायली पाहत होतो. एका भावाचा दावा वरून परत आलेला. पुरावे चांगले होते. जंगलखात्याच्या जुन्या दंडाच्या पावतीवर त्याच्या आज्याचं नाव 'उकंडा'. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर त्याच आज्याचं नाव 'उत्तम'. शेरा मारला, "नावात तफावत, नातं सिद्ध होत नाही." झालं. बापजाद्यांनी दगड वेचून केलेलं वावर एका ओळीत गेलं.

तो भाऊ मले म्हणतो, "आमच्या बुड्याचं नावच असं गलिच्छ, काय करता?" साहेबाच्या शेऱ्यापेक्षा या बोलण्याचा मला जास्त राग आला.

गलिच्छ? मग नाव कुठून आलं ते ऐका. उकंडा म्हणजे उकिरडा, घरामागची शेणकेराची जागा. ज्या माउलीची दोन-तीन लेकरं पाळण्यातच गेली, तिला पुढं पोरगा झाला की त्याला सुपात घालून उकंड्यावर ठेवायचे. दुसरी बाई यायची, "कोनाचं लेकरू टाकलं व माय?" म्हणून उचलायची, अन् मूठभर ज्वारी घेऊन आईलाच परत द्यायची. म्हणजे हे लेकरू हिचं नाहीच, उकंड्यावर सापडलेलं. मरण दाराशी आलंच तर त्याला वाटावं, असलं टाकाऊ पोर नेऊन काय करायचं? दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिका ही त्याच रीतीतली नावं. दवाखाना जवळपास नाही, देवी अन् पटकी गावात, त्या बाईजवळ मरणाला फसवायला एवढं एक नाव होतं. आणि उकंडा घाण कोणाला वाटतो? गाड्या भरभरून खत तिथूनच वावरात जातं. ज्याच्या घरामागं उकंडा नाही त्याच्या शेतात काय पिकते ते सगळ्यांना माहीत आहे.

ही रीत एकट्या आदिवासींची नाही. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. धोंडो म्हणजे धोंडाच. पुण्यात दगडूशेठ हलवाईंच्या नावाच्या गणपतीपुढं मोठमोठे लोक रांग लावतात. तिथं कोणी मास्तर म्हणाला का, की धोंडो बरं दिसत नाही, धनंजय लिहू? त्यांच्यात लिहिणारा हात घरचाच होता. आपल्याकडं नाव सांगणारा एक अन् लिहिणारा दुसरा. कोणी हसत लिहिलं, कोणी उपकार केल्यासारखं लिहिलं. उकंडाचा उत्तम झाला, दगड्याचा दत्तात्रय, सोम्याचा सोमनाथ. सगळ्या मास्तरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पोराला वर्गात चिडवू नये म्हणूनही कोणी बदललं असेल. पण त्यानं वंशावळ तुटली, तिचं काय?

जातपडताळणीत हे आणखी बोचते. आंध असल्याचा पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा मागतात. तेव्हाचं आपल्याजवळ काय असते? फार तर कोतवाल बुकातली नक्कल. तिच्यात उकंडा, अन् पुढं सगळीकडं उत्तम. मग शिकलेलं पोरगं नोकरीच्या दारात उभं राहते.

साहेबांनी नियम तरी वाचावेत. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत नियम १३ मध्ये पुरावे दिले आहेत. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत जाणारी वंशावळ हा पुरावा आहे. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्यांनी दिलेला अन् लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. शिवाय तीन पिढ्यांची, ७५ वर्षांची अट आदिवासीला नाहीच, ती इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा. बांध आहे, विहीर आहे, झोपडी आहे, ते पाहायला साहेब वावरात आले होते का? मग आज्याच्या नावावरून दावा फेकला तो कोणत्या नियमात?

काही शहाणे सांगतात, गॅझेटात नाव बदलून घ्या. मेलेल्या आज्याचं नाव गॅझेटात बदलायला सही कोण करणार, तो?

प्रत्येक गावच्या वनहक्क समितीनं या पंधरवड्यात एक काम करावं. गावातल्या बुड्या माणसांजवळ, बुढ्यांजवळ बसा. कोणाचं घरचं नाव काय अन् कागदावरचं काय, दोन रकान्यांत लिहून घ्या. अंगठे घ्या. ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, ठराव करा. उशीर करू नका. आमच्या गावात ज्या म्हातारीला चार घरांच्या पिढ्या तोंडपाठ होत्या ती गेल्या पावसाळ्यात गेली, अन् आम्ही तिचं काहीच लिहून घेतलं नव्हतं.

त्या भावाच्या अर्जात आम्ही सरळ लिहिलं आहे, "आज्याचं नाव उकंडा. शाळेत उत्तम लिहिलं. माणूस एकच." खाली चार म्हाताऱ्यांचे अंगठे आहेत. जिल्हा समितीकडं जायला ६० दिवस असतात, त्यातले २१ गेले. सोमवारी वाशिमला कागद घेऊन निघायचं आहे. ज्यांच्या फायली अशाच नावावरून अडल्या आहेत त्यांनी सकाळी अनसिंगच्या स्टँडवर यावं, जुनी पावती, नक्कल जे असेल ते घेऊन.