पास आहे का रे?

‘या शहरात काही होतच नाही यार!’

कॅनॉटला चहा पिताना म्हणा, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये म्हणा, नाही तर औरंगपुऱ्यात पुस्तकं घेताना म्हणा, हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं. पुण्यात बघ, रोज काही तरी चालू असतं. मुंबईचं तर विचारूच नको. आणि आपल्याकडं काय? दरवाजे, कडक ऊन आणि चार-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी.

ही तक्रार अर्धी खरी आहे. बाकीची अर्धी गोष्ट आपण सांगत नाही. इथं होतं बरंच काही, पण होऊन जातं आणि आपण तिथं नसतो. असलोच तर फुकट असतो. नाटक असू दे, गाण्याची मैफल असू दे, वर्गातल्या मित्राचा ओपन माइक असू दे, ‘काय आहे?’ हा आपला दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असतो, ‘पास आहे का रे?’

या एका प्रश्नानं शहराचं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुरुस्तीसाठी बंद राहिलेल्या नाट्यगृहांनीही केलं नसेल. पटत नाही? मग जरा पोटाच्या वाटेनं जाऊ.

नान खलिया तुम्ही खात असाल किंवा नसाल, नाव ऐकल्याशिवाय या शहरात वर्ष निघत नाही. तंदुरातून निघालेली मऊ, पिवळसर नान आणि मोठ्या देगेत शिजलेला झणझणीत खलिया. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा त्याच्या लष्करासाठी हे जेवण रांधलं जायचं, असं सांगतात. पुढं राजधानी परत दिल्लीला गेली. मलिक अंबरनं खडकी वसवली, मुघल आले, निजाम आला आणि गेला. खलिया मात्र कुठं गेला नाही. त्याला कुठल्या योजनेत अनुदान नव्हतं की कुणा मान्यवरांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं नव्हतं. संध्याकाळी भूक लागलेली माणसं रांगेत उभी राहिली, खिशातून पैसे काढले आणि खाल्लं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू आहे. खलियावाल्याला आजवर कुणी ‘पास आहे का?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

आता त्याच काफिल्याबरोबर आला असं मानतात तो हिमरू घ्या. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. आतून मऊ, वरून झळाळी. त्याचं गिऱ्हाईक कोण होतं? नवाब, सरदार, निजामाच्या दरबारातली मंडळी. शेरवान्या त्यांच्या, शाली त्यांच्या. दरबार संपला आणि गिऱ्हाईकही संपलं. आज खरा हातमागाचा हिमरू विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बरीचशी भिस्त लेणी बघायला येणाऱ्या पर्यटकांवर. आपल्यापैकी किती जणांच्या घरात हिमरूची एक तरी शाल आहे?

आणि तिसरी ती पैठणी. तीही मध्यंतरी मरणपंथाला लागली होती. सरकारनं हात दिला हे खरं, पण तिला उभं केलं ते घराघरांतल्या लग्नांनी. नवरीला पैठणी हवीच, असं मराठी घरांनी ठरवलं आणि पैठण-येवल्याचे माग पुन्हा वाजायला लागले.

कला कशी टिकते, हे शिकायला मोठमोठे ग्रंथ उघडायला नकोत. हे तीन जिन्नस पुरे आहेत. ज्याला रोजचं गिऱ्हाईक मिळालं ते जगलं. ज्याला फक्त मोठा आश्रयदाता मिळाला ते त्याच्याबरोबर गेलं.

हे गाण्याला लागू आहे, नाटकालाही. तेराव्या शतकात, इथून जेमतेम १५ किलोमीटरवरच्या देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवानं ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. भारतीय संगीताचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही हा ग्रंथ टाळून पुढं जाता येत नाही. त्याच्या पाठीशी राजा होता. आज राजे नाहीत, पण राजांच्या जागी बरेच जण आहेत. सरकारी महोत्सव आहेत, प्रायोजक आहेत, वाढदिवसाच्या निमित्तानं ‘भव्य सांगीतिक मेजवानी’ देणारे नेते आहेत. त्यांनी काही करूच नये असं कुणी म्हणत नाही. सोनेरी महालाच्या पायथ्याशी वेरूळ-अजिंठा महोत्सवात मोठा गायक ऐकायला मिळतो, तर जरूर ऐकावा. महागामी गुरुकुल शार्ङ्गदेवाच्या नावानं समारोह भरवतं, कथ्थक-ओडिसीचं शिक्षण देतं, तेही शहराचं मोठं संचित आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पासवर छापणाऱ्याचं नाव असतं. जो पैसे देतो, तो कार्यक्रमाची वेळ ठरवतो, पाहुणे ठरवतो आणि काय बोलायचं नाही हेही ठरवतो. पहिल्या रांगेतल्या साहेबांना झोंबेल असं नाटक साहेबांच्या पैशानं कसं होणार? म्हणून ‘इंडिपेंडंट’ हा शब्द पोस्टरवर लिहायला सोपा आहे, पण त्याचा हिशेब गल्ल्यावर होतो. शंभर जणांनी शंभर-शंभर रुपये दिले तर कलाकार शंभर जणांचा असतो, एकाचा नसतो.

असं इथं कधी झालंच नाही, असं समजू नका. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या मुलांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ केलं. शतकानुशतकं ज्यांना बोलू दिलं नव्हतं त्यांची गोष्ट त्यांच्याच मुलांनी रंगमंचावर मांडली. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावण्यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ सुरू केलं. मोठ्या मासिकांत ज्यांना जागा नव्हती अशा दलित लेखकांच्या किती तरी कविता, कथा पहिल्यांदा तिथं छापल्या गेल्या. भालचंद्र नेमाडे इथं शिकवत होते, चंद्रकांत पाटील इथं होते आणि त्यांचं ‘वाचा’ इथून निघत होतं. ‘करोगे याद तो’ ही ‘बाजार’ सिनेमातली गझल तुमच्या आईबाबांना पाठ असेल. ती लिहिणारे बशर नवाज याच शहराचे. ऐंशीच्या दशकात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही तेव्हाची पोरंच. त्यांनी इथं ‘जिगीषा’ उभी केली.

पुढं काय झालं? ‘जिगीषा’ मुंबईला गेली. त्यांनी जाणं चूक होतं असं कोण म्हणेल? १९९१ मध्ये आलेल्या ‘चारचौघी’नं मराठी रंगभूमी हलवली, आणि तीस वर्षांनी ते नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हाही लोकांनी गर्दी केली. मकरंद अनासपुरेही इथल्याच नाट्यशास्त्र विभागातून गेले आणि मराठवाड्याची बोली अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवली. आपण अभिमानानं सांगतो, ‘आपल्याकडचे आहेत.’ पण त्यांना इथंच राहून पोट भरता आलं असतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग वर्षानुवर्षं माणसं घडवतो आणि संध्याकाळच्या गाड्या त्यांना घेऊन जातात.

राहूनही मोठं काम करता येतं, याचा पुरावा शेजारच्या जालन्यात आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे शेती करत नाटकं लिहीत राहिले. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ त्यांनी लिहिलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलं, संभाजी भगत यांची गाणी त्यात होती, आणि रंगमंचावर होती ती जालन्याकडची शेतकऱ्यांची पोरं. २०१२ मध्ये आलेल्या या नाटकाला मुंबई-पुण्यानं तिकीट काढून गर्दी केली. तिकीट काढून, हे पुन्हा एकदा वाचा.

आपल्याकडं जे होतं त्याची गंमत बघा. युवक महोत्सव जवळ आला की कॉलेजात रात्री उशिरापर्यंत तालमी. मग राज्य नाट्य स्पर्धा, मग एकांकिका स्पर्धा. दीड महिना घाम गाळून एकांकिका बसवायची, ती एकदा, फार तर तीनदा करायची आणि निकाल लागला की सेट मोडून टाकायचा. समोर कोण असतं? परीक्षक आणि पुढच्या एंट्रीचे कलाकार. स्पर्धेनं शिस्त लागते, नाव होतं, सगळं मान्य. पण स्पर्धेला प्रेक्षक लागत नाही आणि प्रेक्षकाशिवाय नाटक मोठं होत नाही. दहाव्या प्रयोगाला लोक कुठं हसतात आणि कुठं मोबाईल काढतात हे कळतं, तेव्हा कुठं लेखक शहाणा होतो. आपली एकांकिका दहाव्या प्रयोगापर्यंत जगतच नाही.

बँडचं आणि रॅपचं वेगळं नाही. मराठी, दखनी, हिंदी अशी मस्त मिसळ करून बोलणारं हे शहर आहे. वली आणि सिराज औरंगाबादी यांनी दखनच्या या मातीत शायरी केली. आज मोबाईलवर बीट लावून यमक जुळवणारी पोरं त्याच रस्त्यांवरून फिरतात. त्यांच्या रीलला आपण बदाम टाकतो. कॅफेत ती प्रत्यक्ष गायला उभी राहतात तेव्हा आपण १८० रुपयांची कोल्ड कॉफी मागवतो आणि ५० रुपयांच्या तिकिटासाठी घासाघीस करतो.

तुम्ही म्हणाल, नाट्यगृहंच धड नाहीत, तर प्रयोग करायचे कुठं? रास्त प्रश्न आहे. नाट्यगृहांचं भाडं, त्यांची डागडुजी याबद्दल महापालिकेला जाब विचारायलाच हवा. पण सुरुवात करायला मोठं नाट्यगृह लागतच नाही. १९७४ पासून मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’नं प्रयोग सुरू केले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक अख्खी चळवळ त्या साध्या हॉलच्या नावानं ओळखली गेली. पुण्यातल्या ज्या ‘सीन’चा आपल्याला हेवा वाटतो, त्यातला बराचसा सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर घडतो.

आपल्या शहरात हॉल किती आहेत? देवगिरी, सरस्वती भुवन, मिलिंद, मौलाना आझाद, विवेकानंद, एमजीएम... प्रत्येक कॉलेजात एक तरी सभागृह आहे. शनिवारी संध्याकाळी त्याला कुलूप असतं. ते कुलूप महिन्यातून एकदा उघडा, असं प्राचार्यांना लेखी मागा. एकट्यानं नाही, वर्गातल्या चाळीस जणांच्या सह्या घेऊन. आणि प्रयोग संध्याकाळी पाचला ठेवा. रात्री नऊच्या शोला हॉस्टेलच्या मुली येऊ शकत नाहीत. गेट बंद होतं, रिक्षावाला दुप्पट मागतो. जो ‘सीन’ अर्ध्या वर्गाला आधीच बाहेर ठेवतो, तो कसला सीन?

पैशांचंही बोलू. इथं शिकणारी किती तरी मुलं बीड, जालना, हिंगोली, परभणीच्या खेड्यांतून आलेली. मेसचे पैसे भरताना नाकी नऊ येतात त्यांना तिकिटाचं प्रवचन देण्यात अर्थ नाही. म्हणून तिकीट स्वस्त ठेवा. दाराशी एक डबा ठेवा, ज्याला जमेल तेवढं त्यानं टाकावं. दहा रुपये टाकले तरी तो प्रेक्षक आहे, पासवाला नाही. ज्याच्याकडं तेही नाहीत त्यानं खुर्च्या लावाव्यात, पोस्टर चिकटवावेत, लाइटची वायर धरावी. साठ माणसांनी सरासरी ५० रुपये दिले तर ३,००० रुपये होतात. श्रीमंत कुणी होणार नाही, पण पुढच्या प्रयोगाचा टेम्पो आणि चहा निघेल. पुढचा प्रयोग होणं, एवढंच तर हवंय.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. रमजानमध्ये सिडकोतली पोरं टोळीनं जुन्या शहरात खायला जातात. बुढ्ढी लेनची चव सगळ्यांना माहीत आहे. पण तिथं मुशायरा असेल तर आपण जातो का? आणि तिकडची मुलं तापडियाला मराठी नाटक बघायला येतात का? भीमजयंतीच्या गाण्यांवर अख्खं शहर नाचतं, पण ती गाणी लिहिणारे-गाणारे कलाकार आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला का दिसत नाहीत? जीभ जिथं बिनधास्त जाते, तिथं कानांनाही घेऊन जा. शहर एवढं मोठं नाही, पंधरा-वीस मिनिटांत पोचाल.

युनेस्कोची ‘क्रिएटिव्ह सिटी’ नावाची एक यादी आहे. २०१९ मध्ये सिनेमासाठी मुंबई आणि खाद्यसंस्कृतीसाठी हैदराबाद त्यात गेलं, २०२३ मध्ये संगीतासाठी ग्वाल्हेर. आपलं नाव त्यात आलं तर आनंदच आहे. पण यादीत नाव आल्यानं कुणाचा दहावा प्रयोग होणार नाही. तो तुमच्या खिशातल्या पन्नास रुपयांनी होईल.

या महिन्यात वर्गातलं कुणी तरी काही तरी करणार आहे. एकांकिका, गझलांचा कार्यक्रम, चित्रांचं छोटं प्रदर्शन, नाही तर बेसूर का होईना, पण स्वतःची गाणी. त्याचा मेसेज ग्रुपवर येईल. त्याखाली ‘पास आहे का रे?’ असं टाइप करायला बोट वळेल, तेव्हा एवढंच विचारा:

‘तिकीट कितीला?’